गळालेले केस आणि निसटलेले शब्द

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यास जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. पात्राच्या मधोमध पळसाचे झाड रोवतात, त्यावर निशाण लावतात, आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन्ही तीरांवरून दगडांचा वर्षाव सुरू होतो. त्या दिवशी कोणास किती लागले याची मोजदाद होते. जखमांवर पट्टी बांधावयास डॉक्टर सज्ज असतात. परंतु वर्षभर लग्नाच्या मांडवात, हळदीकुंकवाच्या बैठकीत आणि आजाऱ्याच्या उशाशी बसून आपण जे शब्दांचे गोटे सोडतो, त्यांची मोजदाद कोणी ठेवीत नाही. प्रस्तुत लेखात अशाच काही शब्दांविषयी, आणि ज्यांच्यावर ते पडतात त्या रुग्णांच्या केसांविषयी, आम्ही थोडी माहिती देण्याचे योजिले आहे.

हा विषय सुचण्यास एक प्रसंग कारण झाला. सौंसर येथील आमच्या परिचयाच्या एका काकूंना कर्करोग झाला. नागपुरास त्यांचे उपचार सुरू झाले. शिरेतून औषध देण्याच्या या उपचारास रसायनोपचार म्हणतात. आपल्याकडे बोलताना सर्वजण ‘केमो’ म्हणतात. दुसऱ्या डोसाच्या आतच त्यांचे सर्व केस गळाले. त्याच सुमारास पुतणीचे लग्न होते. काकू डोक्याला रुमाल बांधून मांडवात आल्या. एक बाई म्हणाल्या, “अगं माय, केवढा शेपटा होता तुझा!” दुसऱ्या म्हणाल्या, “आमच्या नात्यातल्या एकीला हेच झाले होते, बिचारी गेली.” तिसऱ्या कोणी तर रुमालाखाली काय आहे ते पाहू मागितले. आम्हीही तेथे होतो. आपण काही तरी धीराचे बोलावे म्हणून आम्ही म्हणालो, “काकू, केसांचे काय एवढे? जीव वाचला, हे पुष्कळ झाले.” काकू काही बोलल्या नाहीत. चार दिवसांनी त्यांच्या मुलीकडून कळले की, “आता केस येऊ देत, मग पुढच्या डोसाचे पाहू,” असे म्हणून आईने नागपुरास जाण्याचे नाकारले आहे.

तेव्हा आमच्या ध्यानी आले की हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नव्हे. रसायनोपचाराचे डोस ठराविक अंतराने द्यावयाचे असतात. मधल्या काळात शरीरातील निरोगी पेशींना सावरण्यास वेळ मिळतो, पण कर्करोगाच्या पेशींना पुन्हा डोके वर काढण्यास अवसर मिळू नये, असा तो हिशेब असतो. डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून तो मोडणे धोक्याचे असते. डॉक्टरांनी समजूत घातली, मुलगी सोबत गेली आणि डोस वेळेवर झाला, हे सुदैव. पण मांडवातील चार वाक्यांनी, आणि त्यांत आमचेही एक होते, तो हिशेब जवळजवळ मोडलाच होता.

आता केसांचे शास्त्र पाहू. मनुष्याच्या डोक्यावर साधारणपणे एक लक्ष केस असतात. प्रत्येक केस त्वचेतील एका सूक्ष्म पिशवीतून उगवतो. तिला केशकूप म्हणतात. त्वचेच्या वर दिसणारा केस निर्जीव असतो. जिवंत काम चालते ते तळाशी. तेथील पेशी अतिशय वेगाने विभागतात आणि केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. ही वाढ २ ते ६ वर्षे चालते. मग दोन-तीन आठवड्यांत ती थांबते, केस सुमारे तीन महिने विश्रांती घेतो, गळून पडतो आणि त्याच जागी नवा उगवतो. निरोगी माणसाचेही दररोज ५० ते १०० केस गळतात. मात्र सर्व केसांची पाळी एकदम येत नसल्यामुळे ते कोणास जाणवत नाही. कोणत्याही वेळी शंभरांपैकी ८५ ते ९० केस वाढीच्या अवस्थेत असतात.

कर्करोगाच्या पेशीचा दोष हा की ती बेसुमार विभागत राहते. रसायनोपचाराची पुष्कळशी औषधे अशा विभागणाऱ्या पेशींवरच घाला घालतात. पण शत्रू कोण आणि मित्र कोण, हे त्यांना पुरते ओळखता येत नाही. तोंडाच्या आतील त्वचा, आतड्याचे अस्तर, रक्त तयार करणारी अस्थिमज्जा आणि केसांची मुळे येथील पेशीही वेगाने विभागतात. म्हणून त्यांनाही तडाखा बसतो. तोंड येणे, रक्तातील पेशी कमी होणे आणि केस गळणे यांचे कारण एकच. पहिल्या डोसानंतर साधारण दोन-तीन आठवड्यांनी केस पुंजक्यांनी हातात येऊ लागतात. भुवया आणि पापण्याही कधी कधी जातात.

या औषधांच्या इतिहासात एका भारतीयाचे नाव आदराने घेतले जाते. आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली प्रयोगशाळेत संशोधन करीत होते. त्यांच्या पथकाने तयार केलेले अमिनोप्टेरिन हे औषध बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांना दिले, आणि काही मुलांचा रोग काही काळापुरता तरी हटला. ही हकीकत १९४८ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी सुब्बाराव निवर्तले. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट हे औषध आजही वापरात आहे. त्या काळी जवळजवळ असाध्य असलेला मुलांचा हा रोग आज योग्य उपचारांनी बहुसंख्य मुलांत बरा होतो.

केस पुन्हा येतात ते कसे? आमच्या भागातील संत्र्याच्या बागा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे सहज समजेल. आंबिया बहारासाठी बागाईतदार थंडीत बागेचे पाणी तोडतो; त्यास ‘ताण देणे’ म्हणतात. झाडाची पाने मलूल होतात, काही गळतात. अनोळखी माणसाला वाटते, बाग वाळली. पण मूळ जिवंत असते. ताण सोडून पाणी दिले की नवी पालवी आणि फुले येतात. केशकूपाचेही तसेच आहे. त्याच्या तळातील वेगवान पेशी औषधाने मरतात, परंतु किंचित वरच्या भागात काही मूळपेशी संथपणे राहत असतात. त्या फारशा विभागत नसल्यामुळे बहुधा वाचतात. औषध थांबले की त्या नवे काम सुरू करतात.

या पुनरागमनाचे एक स्थूल वेळापत्रक सांगता येते. शेवटच्या डोसानंतर तीन ते सहा आठवड्यांत तान्ह्या बाळाच्या जावळासारखी मऊ लव दिसू लागते. दोन-तीन महिन्यांत सुमारे एक इंच केस येतात. सहा महिन्यांत डोके झाकले जाते. पण पूर्वीची वेणी घालावयास काही वर्षे लागतात, कारण महिन्याला एक सेंटिमीटर हा निसर्गाचा वेग कोणाच्याही घाईने वाढत नाही. नवे केस प्रथम निराळेच असू शकतात. सरळ केसांच्या जागी कुरळे येतात, काळ्यांच्या जागी करडे येतात. पुष्कळदा वर्षभरात ते पूर्ववत होतात, काहींचे मात्र तसेच राहतात.

याला अपवाद आहेत. सर्वच औषधांनी केस जात नाहीत. काहींनी नुसते विरळ होतात. डोसिटॅक्सेलसारख्या औषधानंतर थोड्या रुग्णांचे केस पूर्ण दाट होत नाहीत. डोक्यावर किरणोपचार झाल्यास त्या जागेपुरते केस जातात, आणि मात्रा मोठी असल्यास कायमचे जाऊ शकतात. औषध चालू असता डोके थंड ठेवणारी टोपीही काही मोठ्या रुग्णालयांत वापरतात. थंडीने तेथील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि मुळांपर्यंत औषध कमी पोचते. तिचा लाभ काहींना होतो, सर्वांना नाही. रक्ताच्या कर्करोगात ती वापरीत नाहीत.

लोकांत या बाबतीत काही गैरसमज आहेत. “केस गेले नाहीत, म्हणजे औषध लागू पडले नाही,” असे कोणी म्हणतात. ते खरे नव्हे. “केस आले, म्हणजे रोग गेला,” हेही तितकेच चूक. ते तपासणीवरूनच ठरते. वारंवार गोटा केल्याने केस दाट येतात, ही समजूतही निराधार आहे. वस्तरा फक्त वरचा निर्जीव भाग कापतो, मुळास त्याचा पत्ताही नसतो. नाजूक झालेल्या त्वचेवर ऐकीव लेप व तेले चोळू नयेत; काय लावावे ते डॉक्टरांना विचारावे. सौम्य साबण, मऊ कंगवा, उन्हात सुती रुमाल किंवा टोपी एवढे पुरे. केसांना रंग लावण्याची काही महिने घाई करू नये. आणि कर्करोग स्पर्शाने होत नाही. रुग्णाजवळ बसण्यास, त्याच्या हातचे पाणी पिण्यास कसलीही भीती नाही.

परंतु शास्त्र एवढे स्पष्ट असता स्त्रीचे उघडे डोके पाहून आपल्या तोंडून नको ते शब्द का निसटतात? आमच्या मते त्याची मुळे आपल्या जुन्या रूढींत आहेत. एके काळी आपल्या समाजातील काही जातींत विधवेचे केशवपन करीत आणि अशा स्त्रीचे दर्शनही अशुभ मानीत. गोपाळ गणेश आगरकरांनी या रूढीवर कठोर टीका केली. १८९० साली मुंबईतील नाभिकांनी सभा भरवून हे काम न करण्याचा निश्चय केला. महर्षी कर्वे यांच्या संस्थेसाठी झटणाऱ्या पार्वतीबाई आठवले यांचेही वपन झाले होते. पुढे त्यांनी ते सोडून केस वाढविले, आणि लोकांची बोलणी सोसली. केस काढले म्हणून अशुभ, वाढविले म्हणून उद्धट! ती रूढी गेली, पण तिची सावली आपल्या बोलण्यात अजून रेंगाळते. ज्या बाईला रूढीने नव्हे तर औषधाने केस गमवावे लागले, तिच्यावरही ती नकळत पडते.

सार्वजनिक जीवनातील काहींनी ही सावली धैर्याने बाजूस सारली आहे. २०११ च्या विश्वचषकात मालिकावीर ठरलेल्या युवराज सिंग यांनी २०१२ साली रसायनोपचार घेतला. त्यांचे केशहीन छायाचित्र सर्वांनी पाहिले, आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरात ते पुन्हा भारताकडून खेळले. अभिनेत्री सोनाली बेंद्रे यांनी २०१८ साली आपला आजार जाहीर केला, केस कापले आणि ते गेल्यावरही छायाचित्रे लपविली नाहीत. अर्थात, सर्वांनी असेच करावे असे नाही. कोणी टोप घालील, कोणी पदर घेईल, कोणी डोके उघडे ठेवील. निवड रुग्णाची, आपण त्यावर मत देण्याचे कारण नाही.

नातेवाइकांचे बोलणे बहुधा दुष्टपणाचे नसते. भीती वाटते, शांतता सोसवत नाही, म्हणून काही तरी बोलले जाते. तरीही लागायचे ते लागतेच. रुग्णांसाठी काही साधे उपाय आहेत. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देण्यास आपण बांधलेले नाही, हे प्रथम मनाशी पक्के करावे. “आत्याबाई, औषधाने गेले, औषध संपले की येतील. तुमचे गुडघे कसे आहेत?” एवढे म्हणून विषय पालटावा. कोणी मेलेल्यांच्या कथा सांगू लागल्यास, “मावशी, बऱ्या झालेल्या कोणाची गोष्ट असेल तर ती सांगा,” असे हसून म्हणावे. फारच लागले तर, “या बोलण्याने मला त्रास होतो,” असे शांतपणे सांगण्यात उद्धटपणा नाही. आणि समारंभापूर्वी घरातील एखाद्या व्यक्तीने पाहुण्यांना आधीच सूचना देऊन ठेवावी. हे काम मुलेही उत्तम करू शकतात.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वर्गातील एखादा सोबती असा उपचार घेऊन परत येईल, तेव्हा त्याच्या टोपीला हात लावू नका, टोपणनाव ठेवू नका, आणि दयेने पाहतही राहू नका. त्याला चुकलेला गृहपाठ द्या आणि खेळात त्याची जागा राखून ठेवा.

काकूंचे शेवटचे औषध पोळ्याच्या सुमारास झाले. संक्रांतीच्या हळदीकुंकवास आम्ही त्यांच्या घरी गेलो, तेव्हा डोक्यावर रुमाल नव्हता. तीन बोटे लांबीचे, दाट, कुरळे केस होते. काही तरी बोलावे, असे पुन्हा तोंडाशी आले. आम्ही ते गिळले आणि विचारले, “काकू, यंदा बागेला ताण कधी दिला?” काकू खुलल्या, आणि अर्धा तास संत्र्यांविषयी बोलत राहिल्या. निघताना तिळगूळ हातावर ठेवीत, गोड बोलायला त्यांनी आम्हांस सांगितले. सर्वांना सांगतात तेच ते शब्द. पण आम्हांस मांडवातले आमचे वाक्य आठवले आणि आमची मान खाली गेली.

केस गळले तर येतात. त्यांना वेळापत्रक आहे. तोंडातून निसटलेला शब्द परत येत नाही. म्हणून तो निसटण्यापूर्वी क्षणभर थांबावे, एवढेच आमचे सांगणे.