बोली लावताना ओळख सांभाळा
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

लिलाव म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बाजार समितीचे आवार येते. कांद्याचे ढीग समोर असतात, व्यापारी हात घालून माल पाहतात, बोली चढत जाते. विकणारा कोण, घेणारा कोण, मधला अडत्या कोण, हे सगळ्यांना ठाऊक असते. इंटरनेटवरच्या लिलावात माल छायाचित्रात असतो, विकणारा टोपणनावामागे असतो आणि पैसे आधी द्यावे लागतात. तरीही हा बाजार चालतो, तो केवळ विश्वासावर. चोराची नजरही नेमकी या विश्वासावरच असते.

या बाजारातले सर्वांत मोठे नाव म्हणजे ईबे. पिअर ओमिड्यार या संगणकतज्ज्ञाने १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात ते सुरू केले. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू होती एक मोडका लेझर पॉइंटर. त्याला १४ डॉलर ८३ सेंट मिळाले. कशालाही कुठेतरी गिऱ्हाईक असते, हे त्यातून दिसले. आपल्याकडे २००० मध्ये मुंबईत बाझी डॉट कॉम हे संकेतस्थळ निघाले. २००४ मध्ये ते ईबेने विकत घेतले आणि २०१८ मध्ये ईबेचा हा भारतीय बाजार बंद झाला. पण जुनी नाणी, टपाल तिकिटे, घड्याळे, कॅमेऱ्याची भिंगे यांचे शौकीन आजही परदेशी लिलावांत बोली लावतात. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या माणसांसाठी तर हा नेहमीचाच व्यवहार आहे.

आता फसवणूक होते कशी, ते पाहू. ईबेवर व्यवहार पार पडला की गिऱ्हाईक विक्रेत्याला शेरा देते. शेकडो चांगले शेरे असलेला विक्रेता भरवशाचा, असे आपण धरतो. चोराला असे शेरे मिळवायला अनेक वर्षे लागतील. त्यापेक्षा दुसऱ्याचे खाते चोरणे त्याला सोपे. त्यासाठी तो ई-मेल पाठवतो : ‘आपले खाते तात्पुरते बंद केले आहे, चोवीस तासांत खालील दुव्यावर जाऊन माहितीची खातरजमा करा.’ दुव्यावर गेले की हुबेहूब ईबेसारखे पान उघडते. आपण तिथे पासवर्ड लिहितो आणि तो थेट चोराच्या हाती पडतो. यालाच फिशिंग म्हणतात. गळाला आमिष लावून मासा पकडावा, तसा हा प्रकार.

पूर्वी असे सांगत, की खऱ्या पत्रात तुमचे नाव असते, खोट्यात नुसते ‘प्रिय ग्राहक’ असते. ही खूण आता पुरेशी नाही. मे २०१४ मध्ये ईबेनेच जाहीर केले, की चोरांनी त्यांच्या साठ्यातून ग्राहकांची नावे, पत्ते, फोन क्रमांक आणि जन्मतारखा पळवल्या आहेत. त्या वेळी सुमारे साडेचौदा कोटी ग्राहकांना पासवर्ड बदलायला सांगावे लागले. तेव्हा पत्रात आपले नाव बरोबर आहे, यावरून पत्र खरे ठरत नाही.

दुसरी युक्ती हरलेल्या माणसासाठी आहे. समजा, एका जुन्या कॅमेऱ्यासाठी तुम्ही बोली लावली आणि थोडक्यात हुकली. दोन दिवसांनी पत्र येते : ‘पहिल्या गिऱ्हाइकाने पैसे दिले नाहीत, कॅमेरा तुमच्याच बोलीला देतो.’ अशी दुसरी संधी देण्याची सोय ईबेवर खरोखर आहे, म्हणून तर माणूस फसतो. खरा प्रस्ताव मात्र ईबेवरच्या तुमच्या खात्यातील संदेशांमध्येही दिसतो. तिथे तो नसेल, तर पत्र बनावट समजावे.

तिसरी युक्ती मध्यस्थाची. ‘पैसे तिसऱ्या कंपनीकडे ठेवू, माल पोचला की ती मला देईल,’ असे विक्रेता म्हणतो. अशा प्रामाणिक कंपन्या आहेत. पण विक्रेत्याने सुचवलेली कंपनी बहुधा त्यानेच उभी केलेली असते.

हे सगळे एकत्र कसे चालते, याचे एक उदाहरण अमेरिकेतील न्यायालयात उघड झाले. रुमानियातील अलेक्झांड्रिया या गावातून एक टोळी ईबेवर आणि इतरत्र मुख्यतः मोटारींच्या खोट्या जाहिराती देत असे. आपण सैन्यात आहोत, मोहिमेवर निघायचे आहे, म्हणून गाडी स्वस्तात काढतो, अशी बतावणी त्यांचे लोक करत. पाठोपाठ नामांकित कंपन्यांच्या बोधचिन्हांची बिले येत. शंका आली तर फोन करायला ‘ग्राहक सेवा केंद्र’ही होते, आणि तिथेही त्यांचाच माणूस बोलत असे. जाहिराती देताना ते खऱ्या अमेरिकी नागरिकांची चोरलेली नावे वापरत. जून २०२० मध्ये या प्रकरणातील पंधरा जणांनी गुन्हा कबूल केल्याचे तिथल्या न्याय खात्याने जाहीर केले.

‘मी लष्करात आहे, बदली झाली आहे’ ही कथा आपल्याकडच्या जुन्या वस्तूंच्या जाहिरातींतही फिरते. सोबत वर्दीतला फोटो आणि ओळखपत्रही येते. ते ओळखपत्र आधी कुणा भल्या माणसाने विश्वासाने पाठवलेले असू शकते. ओळखीच्या चोरीचे नुकसान इथे कळते. पैसे एकदाच जातात, पण आपले नाव वापरून पुढची दहा माणसे फसवली जातात आणि पोलीस येतात ते आपल्या दारी.

मग काय करावे? ई-मेलमधल्या दुव्यावरून खात्यात कधीही जाऊ नये. पत्ता स्वतः टाइप करावा. पत्ता वाचायचाच असेल, तर पहिल्या एकेरी तिरक्या रेषेच्या अलीकडचा भाग शेवटाकडून वाचावा. तिथे ‘ईबे डॉट कॉम’ असेल तर ठीक. ‘ईबे’ हा शब्द आधी कुठेतरी येऊन शेवटी भलतेच नाव असेल, तर ते घर दुसऱ्याचे आहे. कुलपाची खूण दिसली म्हणून निर्धास्त होऊ नये. वाटेत कुणी ऐकत नाही, एवढेच ते कुलूप सांगते; पलीकडे साव आहे की चोर, हे सांगत नाही.

व्यवहार त्या संकेतस्थळाबाहेर नेऊ नये. ‘बाहेर करू, थोडे स्वस्त पडेल,’ असे कुणी म्हणाले की थांबावे. बाहेर दिलेल्या पैशांना संकेतस्थळाचे कोणतेही संरक्षण नसते. ई-मेल आणि लिलावाचे खाते यांना एकच पासवर्ड ठेवू नये, कारण ई-मेल हाती लागला की बाकी कुलपे त्यातूनच उघडतात.

परदेशातून कुरिअरने वस्तू मागवली, तर सीमाशुल्कासाठी कंपनी ओळखपत्र मागते, हे खरे. ते पाठवताना मात्र पार्सलचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासावा आणि प्रतीवर कारण व तारीख लिहावी. आणि जुनी वस्तू विकणाऱ्यांनी एवढे पक्के ध्यानात ठेवावे : यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन मागितला, म्हणजे पैसे जाणार.

इतके करूनही फसगत झाली, तर लाजून गप्प बसू नये. आधी बँकेला कळवावे आणि लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतात; जितक्या लवकर कळवाल, तितकी ते वाटेत अडवण्याची शक्यता अधिक. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने ओळखीची चोरी हा स्वतंत्र गुन्हा ठरला. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. तक्रारीसाठी ते ई-मेल, पावत्या, संभाषण जपून ठेवावे. रागाने पुसून टाकू नये.

या सगळ्या युक्त्यांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे घाई. चोवीस तास, शेवटची संधी, उद्याच निघायचे आहे. बाजार समितीत माल न पाहता कुणी बोली लावत नाही. इथे माल पाहता येत नाही, म्हणून निदान माणूस आणि पत्ता पाहून घ्यावा, आणि त्यासाठी लागणारी पाच मिनिटे स्वतःला द्यावीत.