चौघांच्या टीममध्ये नवा क्लास

‘डार्कटाइड’ हा व्हिडिओ गेम एका वेळी चौघांनी मिळून खेळायचा. माणूस कमी पडला तर खेळ बॉट, म्हणजे कॉम्प्युटरचा खेळाडू देतो, पण बॉटच्या भरवशावर वरच्या पातळीचं मिशन निघत नाही. त्यामुळे साजगावात माझ्या पुतण्याच्या खोलीत रात्रीचा पहिला प्रश्न शिफ्टचा असतो. त्याचा एक मित्र खोपोलीतल्या कारखान्यात कामाला आहे. त्याची सेकंड शिफ्ट असली की खेळ बाराच्या आत सुरू होत नाही. दुसरा मित्र पुण्यात शिकतो, तो तिथूनच जोडला जातो. चौथी जागा बऱ्याचदा मी भरतो. हेडफोनवर चौघांचे आवाज येत असतात आणि माझा अर्धा जीव त्या आवाजांतच असतो, कारण हा खेळ बंदुकीइतकाच कानाने खेळला जातो.

स्टॉकहोमच्या फॅटशार्क कंपनीने तो 30 नोव्हेंबर 2022 रोजी आणला, तेव्हा त्यात चार क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार होते. वेटरन हा बंदूकवाला फौजी. झेलट धर्मवेडा, हातघाईत पुढे. सायकर लांबून नुसत्या मनाने शत्रूचं डोकं फोडतो, पण शक्ती हावरटासारखी वापरली तर स्वतःच फुटतो. ऑग्रिन म्हणजे धिप्पाड, सगळ्यांवर माया असलेला राक्षस. एकमेकांच्या जवळ राहिलं तर अंगावरचं कवच भरून येतं, लांब गेलेला एकटा पडतो आणि मरतो. खेळाची सगळी रचना या एका नियमावर उभी आहे आणि मला तो याच नियमासाठी आवडतो. ही पोरं गावच्या कबड्डीत वाढलेली. कोपरा कोणाचा, कव्हरला कोण, साखळी का तुटली, अशीच त्यांची इथेही भाषा असते. पुतण्या ऑग्रिन घेऊन ढाल पुढे करायचा, मी वेटरन घेऊन त्याच्या खांद्याआडून गोळ्या झाडायचो, पुण्याचा सायकर, कारखान्यातला झेलट. अडीच वर्षांत आमच्या जागा ठरून गेल्या होत्या.

23 जून 2025 रोजी पाचवा क्लास आला, आर्बिटीस. हा खेळाच्या जगातला पोलीस. ढाल, विजेचा झटका देणारा दंडा आणि सोबत यांत्रिक कुत्रा. हा क्लास वेगळे पैसे मोजून घ्यावा लागतो, पण टीममधल्या एकाने घेतला तरी पुरतं. कारखान्यातल्याने पगार झाल्यावर घेतला. बाहेर खोपोलीचा पाऊस कोसळत होता आणि लाइट जाऊ नये म्हणून सगळेच धास्तावलेले.

पहिल्या रात्री आमची पार दाणादाण उडाली. शत्रूकडेही कुत्री आहेत. ती झेप घेऊन माणसाला आडवं पाडतात आणि दुसऱ्याने सोडवल्याशिवाय उठता येत नाही. इतके महिने गुरगुर ऐकली की वळून गोळी घालायची, ही सवय हाडात मुरलेली. आता आपल्याच पायाशी कुत्रा धावतोय. आमची गोळी त्याला लागत नाही हे खरं, पण वळण्यात जो क्षण जातो तेवढ्यात पुढचा शत्रू अंगावर येतो.

त्याहून मोठी अडचण दारात झाली. शत्रूंचा लोंढा येताना दिसला की अरुंद दारात ढाल रोवून उभं राहणं हे पुतण्याचं काम. आता तिथे दोन ढाली आल्या. ऑग्रिनची पाठ आधीच भिंतीएवढी, तिच्या शेजारी आर्बिटीस उभा राहिला की मागच्या आम्हा दोघांना पलीकडचं काही दिसेना. “काका, मारा ना!” असं दोघंही ओरडत होते आणि मला दोन पाठींपलीकडे काही दिसत नव्हतं.

खरी गोष्ट मला ट्रॅपरने शिकवली. ट्रॅपर जाळं फेकते आणि त्यात अडकलेल्याला स्वतःहून सुटता येत नाही. तिला लांबूनच टिपायचं, हे काम माझं. एका मिशनमध्ये जिन्यावर तिची चाहूल लागली. मी बंदूक वळवली, नेम धरला, गोळी सुटली, आणि तेव्हा दिसलं की कुत्र्याने तिला आधीच खाली पाडून धरलंय. एका शत्रूवर दोघांची मेहनत गेली होती. तेवढ्यात वरच्या सज्जातल्या स्नायपरने सायकरला आडवं केलं. त्या सज्जाकडे बघायचं काम माझं होतं.

नवा क्लास टीमची ताकद वाढवतो असं सगळे धरून चालतात. माझ्या डोळ्यांनी मी पाहिलं ते असं, की तो आधी प्रत्येकाचं थोडं थोडं काम काढून घेतो. मोकळा झालेला माणूस नव्या जागी नजर टाकत नाही तोवर टीम पहिल्यापेक्षा कच्ची होते. आमच्यात उपाय कारखान्यातल्यानेच काढला. कुत्रा सोडला की तो एकच शब्द बोलतो, “धरला!” तो शब्द आला की बाकीच्यांनी तिकडे बघायचंच नाही. आठवडाभर हे पाळलं आणि माझी नजर आपोआप वर, सज्जांकडे राहू लागली.

पुतण्याला मात्र जड गेलं. ढाल ही त्याची ओळख होती. या क्लासमध्ये कुत्रा न घेता एकट्याने लढायचीही सोय आहे, तेव्हा तसं खेळ, असं तो मित्राला सुचवत होता. पण कुत्र्यासाठीच तर त्याने पैसे मोजले होते. ऑक्टोबर 2023 च्या मोठ्या अपडेटपासून प्रत्येक क्लासला कौशल्यांचं झाड आहे आणि ते फुकटात बदलता येतं. शेवटी पुतण्याने ढाल खाली ठेवली आणि रिपर गन उचलली. मला वाटतं तो आता जास्त चांगला खेळतो. त्याला अजून तसं वाटत नाही.

2 डिसेंबर 2025 रोजी सहावा क्लास आला, हाइव्ह स्कम. साजगावची कार्तिकी एकादशीपासूनची बोंबल्या विठोबाची यात्रा उलगली होती, सुक्या मासळीची दुकानं उठली होती, त्यामुळे पोरांना वेळ होता. हा गल्लीतला गुंड. दोन्ही हातांत पिस्तुलं, अंगात स्वतः तयार केलेलं औषध टोचून धावणारा. पुण्याच्या मित्राने सायकर सोडून तो घेतला आणि पहिल्याच रात्री आमच्यापासून इतका पुढे गेला की त्याला सोडवायला जाताना आम्ही तिघं मेलो. आता एक नियम केलाय. त्याने लांब जायचं तर आधी सांगायचं, आणि ऑग्रिनने त्याच्या मागोमाग जायचं.

पुढच्या आठवड्यात कारखान्यातल्याची नाईट आहे, म्हणजे कुत्रा नाही. त्याच्या जागी बॉट येणार आणि ट्रॅपर पुन्हा माझ्या बंदुकीवर. ऑग्रिनने तेवढ्यापुरती ढाल परत काढायची की रिपरच ठेवायची, यावर दोघा मित्रांचं अजून एकमत झालेलं नाही.