अल्पाधिकारातील स्पर्धा : परिमाण की किंमत? (लखनौच्या चौकातील दोन उदाहरणे)

बाजारात विक्रेते मोजकेच असले की प्रत्येकाच्या निर्णयाचा परिणाम इतरांवर होतो. या स्थितीस अर्थशास्त्रात ‘अल्पाधिकार’ म्हणतात. हे विक्रेते माल किती आणावा यावर स्पर्धा करतात की किंमत किती ठेवावी यावर, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. परंतु ग्राहकाने किती मोजावे आणि कारागिराच्या हाती काय उरावे, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

फ्रेंच गणितज्ञ कूर्नो यांनी १८३८ मध्ये खनिज पाण्याच्या झऱ्यांचे दोन मालक कल्पून या प्रश्नाची मांडणी केली. प्रत्येक मालक दुसऱ्याचे परिमाण गृहीत धरून आपले परिमाण ठरवतो. किंमत बाजार ठरवतो. १८८३ मध्ये बर्त्रां यांनी त्यावर आक्षेप घेतला. त्यांच्या मते विक्रेते किंमत ठरवतात. आणि माल एकसारखा असेल, तर किंचित स्वस्त विकणाऱ्याकडे सारे गिऱ्हाईक वळते.

चौकातील गोल दरवाजापाशी हिवाळ्याच्या सकाळी मिळणारे निमिष, अर्थात मक्खन मलाई, हे पहिल्या पक्षाचे बोलके उदाहरण होय. आटवलेले दूध रात्रभर उघड्यावर, दवात ठेवतात आणि पहाटे घुसळून त्याचा फेस काढतात. माल किती, हे आदल्या रात्रीच ठरलेले असते. ऊन चढले की तो टिकत नाही. उदाहरणापुरते दोनच विक्रेते आहेत, द्रोणामागे खर्च ३० रुपये आहे आणि १२० मधून एकूण द्रोणांची संख्या वजा केली असता किंमत मिळते, असे समजू. दोघे संगनमत करतील तर मिळून ४५ द्रोण आणतील व ७५ रुपये घेतील. कूर्नोंच्या रीतीने प्रत्येकी ३० द्रोण येतील व किंमत ६० रुपये होईल. बर्त्रांच्या रीतीने मात्र ती घसरत ३० रुपयांवर, म्हणजे केवळ खर्चावर, येऊन थांबेल.

मग खरे कोणाचे? क्रेप्स आणि शाइंकमन यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले की, विशिष्ट गृहीतांनुसार, विक्रेत्यांनी आधी उत्पादनक्षमता ठरवली आणि नंतर किंमतीवर स्पर्धा केली, तरी निष्पत्ती कूर्नोंचीच येते. तात्पर्य, आधी काय बांधले जाते, हा कळीचा मुद्दा आहे.

चौकातील चिकनकारीचे विक्रेते पुष्कळ असल्याने त्यास काटेकोर अर्थाने अल्पाधिकार म्हणता येणार नाही. तथापि बर्त्रांच्या तर्काची धार तेथे दिसते. २००८ मध्ये भौगोलिक निर्देशांक लाभलेल्या या कलेत मुर्री, फंदा, जाळी असे टाक्यांचे अनेक प्रकार आहेत. ज्यास हा भेद कळतो, त्याच्या दृष्टीने दोन कुर्ते एकसारखे नसतात आणि किंमतयुद्ध आपोआप सौम्य होते. ज्यास तो कळत नाही, त्याच्यापुढे केवळ किंमत उरते. दुकाने भरलेली असताना किंमत उतरू लागली, की कापडाचा व धुलाईचा खर्च सहसा कमी होत नाही. काटछाट होते ती घरी बसून टाके घालणाऱ्या स्त्रियांच्या मजुरीत.

म्हणून स्वस्ताई म्हणजे निखळ ग्राहकहित, असे समीकरण सरसकट मांडता येत नाही. किंमत उतरताना ती विक्रेत्याच्या नफ्यातून उतरते की कारागिराच्या मजुरीतून, याचा शोध घेतल्याखेरीज स्पर्धेचे मूल्यमापन अपुरेच राहील.