टर्बोचा पाइप का निसटतो?

चढावर ट्रक रेटताना ‘फट्ट’ आवाज आला, मागे काळा धूर निघाला आणि गाडीचा दम गेला, तर इंजिन खोलण्याआधी टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचा पाइप बघावा. हिशेब सोपा आहे. पाइपचा व्यास 75 मिलिमीटर, आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा 2 बार जास्त; म्हणजे सांधा उखडू पाहणारा जोर सुमारे 90 किलो! शिवाय दाबलेली हवा शंभर अंशांच्या पलीकडे सहज तापते.

म्हणून नवा पाइप घडवताना खरं कसब टोकाला लागतं. अ‍ॅल्युमिनियमच्या नळीच्या तोंडाशी रोलरने गोल उंचवटा काढतात. सिलिकॉनचा होज त्यावरून चढवायचा आणि क्लॅम्प उंचवट्याच्या मागे आवळायचा. तेलाचा ओशटपणा आधी पुसलाच पाहिजे. इथेच घाई नडते. सगळा पाइप धातूचा केला तर? इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, इंटरकूलर मात्र चॅसीच्या बाजूने बसवलेला. मग वेल्डिंगला तडा ठरलेला. वेल्डिंग झाल्यावर नळी आतून धुवायची, कारण इंटरकूलरनंतरच्या पाइपात राहिलेला कीस थेट सिलिंडरमध्ये जातो. एअर फिल्टर तर केव्हाच मागे राहिलेला असतो.