घराचा अंदाज : माल किती, मजुरी किती?



उसाचं बिल हाती आलं की आपण टन, दर, तोडणी-वाहतूक आणि कपात अशी प्रत्येक ओळ तपासतो. घर बांधताना मात्र मिस्त्रीनं ‘चौरस फुटाला एवढे’ म्हटलं की उक्ता ठेका देऊन मोकळे होतो. त्या एका आकड्यात माल किती, मजुरी किती आणि नफा किती, हे कळत नाही. सरकारी दरसूचीतील दर जसे उलगडून काढतात, तसाच आपणही हिशेब करावा.

उदाहरण घेऊ. भिंत 30 फूट लांब, 10 फूट उंच, 9 इंच जाड. गुणाकार 225 घनफूट, म्हणजे सव्वादोन ब्रास. दारं-खिडक्या असतील तर त्यांचं माप वजा करावं.

माल : सांध्यासह 9 × 4½ × 3 इंच भरणाऱ्या विटा ब्रासला सुमारे 1,400; एकूण 3,150. आपल्याकडं सहा इंची वीटही चालते. ती मोठी, म्हणून नग कमी लागतात. एकास सहा मसाल्याला ब्रासमागं साडेतीन पोती सिमेंट; एकूण 8 पोती. वाळू किंवा क्रश सँड पाऊण ब्रासच्या आत. तुटफुटीला शेकडा 5 वेगळे धरावेत.

मजुरी : गवंडी आणि बिगारी यांचा दर ब्रासवर ठरवावा. पाणी मारणं, परांची, माल वर चढवणं कुणाकडं, हे आधीच लिहून घ्यावं. त्यानंतर वाहतूक आणि ठेकेदाराचा नफा.

आता गोम बघा. मसाला एकास आठ केला तर त्याच भिंतीला सव्वासहा पोती पुरतात. पावणेदोन पोती वाचली. प्लास्टर झाल्यावर कुणाला दिसणार?

11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपात पाटण तालुक्यात मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या, माणसं दगावली. म्हणून दारांच्या वरून सगळ्या भिंतींवर फिरणारा सलग काँक्रीटचा पट्टा अंदाजातून गाळू नये. त्यात 12 मिलिमीटरच्या दोन सळया धरल्या, तर आपल्या 30 फूट भिंतीला लोखंड लागतं सुमारे 16 किलो, कारण ही सळई मीटरला 0.888 किलो भरते.

तेव्हा ठेका देण्याआधी कागदावर परिमाण, माल, मजुरी आणि नफा असे चार रकाने मागून घ्या. मसाल्याचं प्रमाण आणि विटेचं मापही त्यावर लिहा, खाली दोघांच्या सह्या घ्या. सिमेंटची पोती आली की मोजा, रिकामी झाली की परत मोजा. वजनकाट्यावर आपण जेवढं लक्ष ठेवतो, तेवढं इथंही ठेवावं.