ब्रेक नसलेल्या गाड्यांचा ज्युनियर मोसम

स्पीडवे म्हणजे मातीच्या धावपट्टीवरची मोटरसायकल शर्यत. तिच्यातल्या २१ वर्षांखालील स्पर्धकांची युरोपीय स्पर्धा १९७७ मध्ये सुरू झाली. १९८८ पासून ती जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि २०२२ पासून ‘एसजीपी-टू’ या नावाने भरते. पूर्वी एकाच अंतिम सामन्यात विजेता ठरे. २०१० पासून वेगवेगळ्या शहरांतल्या फेऱ्यांचे गुण एकत्र केले जाऊ लागले. एका वाईट दिवसाने वर्षाची मेहनत वाया जाऊ नये, यासाठी हीच पद्धत अधिक न्याय्य आहे. २०२२ च्या मोसमातील फेऱ्या प्राग, कार्डिफ आणि तोरुन्य येथे झाल्या. पोलंडचा मातेउश चेर्न्याक विजेता ठरला. २०२३ मध्येही तोच जिंकला.

एका सामन्याच्या पारंपरिक आखणीत १६ स्पर्धक आणि २० शर्यती असतात. प्रत्येकजण पाचदा उतरतो आणि उरलेल्या पंधराही जणांशी एकेकदा भिडतो. प्रत्येक शर्यत चौघांची, धावपट्टीच्या चार फेऱ्यांची. गुण ३, २, १, ०.

गाडी ५०० सीसीची, एकाच गिअरची, बिनब्रेकची. वळणावर मागचे चाक मुद्दाम बाहेर घसरवून, डावा पोलादी बूट मातीवर टेकवत ती वळवतात. इंधन मेथॅनॉल, मळीपासूनच्या इथेनॉलहून ते वेगळे आणि अत्यंत विषारी. त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. इंजिन बंद करणारी दोरी स्वाराच्या मनगटाला बांधलेली असते: तो पडला, की इंजिन थांबते.