रणगाडा ‘मरतो’ कसा?

दर रविवारी संध्याकाळी काचीगुड्याला आमच्या घरी जेवणाचं टेबल रिकामं करून त्यावर फासे मांडतात, तेही वीस बाजूंचे. मी, माझे दोन मावसभाऊ आणि शेजारची ताई. गेली तीन वर्षं आम्ही ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतोय. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात आणि अडेल तिथे फासा निवाडा करतो. आठवडाभर तेलुगू, हिंदी, इंग्रजी. हे तीन तास मात्र मराठी. (आमची हैदराबादी मराठी, ‘नक्को’सकट!)

दिवाळीनंतर हा खेळ बंदच पडायला आला होता, आणि तोही एका चिलखती गाडीपायी. गोष्ट मी सांगत होतो. धाकट्या मावसभावाने तलवारीचे पंधरा वार करून ती गाडी ‘मारली’. थोरला उसळला, ‘‘तलवारीने लोखंड मरतं का रे?’’ धाकटा म्हणाला, ‘‘दादा, नियमात बसतं.’’ बसतच होतं, कारण मी गाडीला माणसासारखे नुसते ‘हिट पॉइंट्स’ दिले होते. शब्दाने शब्द वाढला. पुढचे दोन रविवार धाकटा फिरकलाच नाही.

मग मी जरा वाचायला बसलो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ 1974चा. त्यात चिलखत म्हणजे एक आकडा. 2014च्या नियमांत चामड्याचं 11, पूर्ण पोलादी 18. फासा तिथवर पोचला नाही तर वार फुकट. आता प्रतापगड आठवा, 10 नोव्हेंबर 1659. आपण ऐकत आलो ती हकीकत अशी, की खानाचा वार चुकला नव्हता. तो बसला, पण अंगरख्याखालच्या चिलखताने झेलला. ‘रूनक्वेस्ट’ (1978) आणि ‘गर्प्स’ (1986) या खेळांत हेच आहे: वार बसतो, पण त्याच्या जोरातून चिलखताचा आकडा वजा होतो. उरेल तेवढीच जखम. मला हे जास्त पटतं. गंमत म्हणजे चिलखताच्या आकड्याची कल्पना आपण लोखंडी जहाजांच्या युद्धखेळातून घेतली, असं अर्नेसन सांगत. म्हणजे गाडीचा नियम माणसाला लावला, आणि मी तो उलटा गाडीला!

तरी गाडीचं कोडं सुटेना. शेवटी काकांना विचारलं. ते संरक्षण खात्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेत. ते हसले. ‘‘अरे, गाडी थोडी थोडी मरत नाही. एक तर गोळा आत शिरतो, नाहीतर शिरत नाही. आणि न शिरताही पट्टा तुटला तर गाडी धड, पण जागची हलत नाही.’’ त्यांनी पोळपाट तिरका धरून दाखवला. 100 मिलिमीटरचा पत्रा उभ्या रेषेपासून 60 अंश कलता ठेवला, तर समोरून येणाऱ्या गोळ्याला 200 मिलिमीटर पोलाद भेदावं लागतं. अर्जुन रणगाड्याचं ‘कांचन’ चिलखत तर आपल्याच कांचनबागेतल्या डीएमआरएल प्रयोगशाळेचं. नावही तिथूनच आलं. इतकी वर्षं त्या रस्त्याने जातोय, मला पत्ताच नव्हता.

काकू आतून म्हणाल्या, ‘‘आणि गोवळकोंडा?’’ खरंच की! 1687 साली औरंगजेबाने आठ महिने वेढा घातला आणि शेवटी किल्ला पडला तो फितुरीने उघडलेल्या दरवाजातून. भिंतींचे ‘पॉइंट्स’ शिल्लकच होते.

नवा नियम मी एका पानावर उतरवला. आधी वाराच्या जोरातून चिलखत वजा. काही उरलं तर फासा टाकून ठरवायचं, काय गेलं: पट्टा, इंजिन, तोफ की आतली माणसं. ते पान घेऊन मीच धाकट्याच्या घरी गेलो. त्याने दोनदा वाचलं. ‘‘म्हणजे माझी तलवार बाद?’’

‘‘पत्र्यावर बाद. पण वरचं झाकण उघडं असलं तर?’’

त्या रविवारी तो सगळ्यांच्या आधी हजर. पहिल्याच डावात गाडीचा पट्टा तुटला. गाडी धड, आत चार शत्रू, बाहेर आम्ही, आणि झाकण आतून बंद. दीड तास आम्ही तिच्याभोवती नुसतं भांडत होतो, अगदी अस्सल मराठीत.